औषधाचं त्रैराशिक

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि चिरंजीवांनी महिनाभर कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. असो. आज जे लिहिणार आहे ते खरं तर खूप वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. निदान सांगायला तरी.

परवा रविवारी माझ्या धाकट्या बहिणीची नात आली होती. इथे तिला बेबी म्हणू, घरातल्यांना कळेलच कोण ते. बेबी जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा ३ वर्षांचा डिप्लोमा. एरवी ही मुलगी आली की दारातूनच "आजी, काय केलंयस खायला?" असं ओरडत येते. परवा आली ती गुपचूप येऊन झोपाळ्यावर बसली. मी थालीपीठ लावलं, लोण्याचा गोळा घातला, तरी बोटाने नुसते तुकडे करत बसली.

"काय गं, परीक्षेचं टेन्शन?"

"नाही आजी. मला नर्सिंग सोडायचंय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. संध्याकाळची ड्यूटी. वॉर्ड भरलेला, स्टाफ सिस्टर एकच. जेवणाआधीची इन्सुलिनं द्यायची होती. एका आजोबांना २० युनिट. त्यांच्या घरच्यांनी इन्सुलिन आणून दिलं होतं, पण ते पेनात घालायचं कार्ट्रिज होतं आणि पेन घरीच राहिलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "सिरिंजने ओढून घे आणि दे." बेबीने ट्रेमधली लाल टोपीची सिरिंज घेतली, २० च्या रेघेपर्यंत भरली आणि आजोबांच्या खाटेपाशी गेली. आजोबांनी सदरा वर केला आणि सहज विचारलं, "पोरी, घरी मुलगा पेनाने देतो. ही सुई निराळी दिसते. चालेल ना गं?"

बेबी थांबली. का थांबली ते तिलाही नीट सांगता आलं नाही. परत गेली आणि सिस्टरना विचारलं. सिस्टर आधी खेकसल्या, "दुसऱ्या वर्षाला आलीस, एवढंही कळत नाही?" मग त्यांनी तिच्या हातातलं बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, "फेकून दे ते. आणि कुणापाशी बोलू नकोस."

"आजी, ती लाल सिरिंज चाळीसची होती आणि कार्ट्रिज शंभरचं," बेबी म्हणाली. "२० ऐवजी ५० युनिट गेलं असतं. आजोबा मेले असते माझ्या हातून."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. कारण ही चूक मला चांगली माहीत आहे. मी ती केलेली आहे.

आता आधी ती चूक समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्यापैकी निम्म्या घरांत इन्सुलिन घेणारं कुणीतरी आहे, तेव्हा नीट वाचा.

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींचं मिळतं. बाटलीतलं बहुतेक वेळा ४० चं असतं, म्हणजे १ मिलीलिटरमध्ये ४० युनिट. पेनाच्या कार्ट्रिजमधलं १०० चं, म्हणजे तेवढ्याच १ मिलीलिटरमध्ये १०० युनिट. काही इन्सुलिनच्या बाटल्याही १०० च्या असतात. म्हणून सिरिंजही दोन. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. सिरिंजवरच्या रेघा मिलीलिटरच्या नसतात, युनिटच्या असतात. म्हणजे त्या त्या ताकदीचं इन्सुलिन आत असेल तरच त्या रेघा खऱ्या. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये शंभरचं इन्सुलिन भरलं की प्रत्येक आकडा अडीच पटीने खोटा होतो. उलट केलं, नारिंगीत चाळीसचं भरलं, तर औषध निम्म्याहून कमी जातं.

आमच्या रत्नागिरीकडच्या भाषेत सांगायचं तर एका पातेल्यात कोकमाचं आगळ आहे आणि दुसऱ्यात तयार सरबत. पळी तीच. पण सरबताच्या दोन पळ्या पिणं वेगळं आणि आगळाच्या दोन पळ्या पिणं वेगळं. बेबीला मी हे असंच सांगितलं. ती डोळे पुसत म्हणाली, "आजी, आम्हाला कॉन्सन्ट्रेशनची व्याख्या पाठ आहे. इंग्लिशमध्ये. पण आगळ कुणी सांगितलं नाही."

आता माझी गोष्ट. मुलांनो, ही तुम्हालाही नवीन आहे.

आमच्या ह्यांना मधुमेह होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. पहिली काही वर्षं मी त्यांना बाटलीतून लाल सिरिंजने इन्सुलिन देत असे, सकाळी आणि रात्री. पुढे डॉक्टरांनी पेन दिलं. सोपं काम. एका रविवारी रात्री ते पेन बिघडलं. मेडिकल बंद. कपाटात जुन्या सिरिंज होत्याच. मी विचार केला, औषध तेच, मात्रा तीच, सुई बदलली तर काय बिघडतं? कार्ट्रिजच्या रबरात सुई घालून १६ च्या रेघेपर्यंत भरलं आणि दिलं. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं, खोटं कशाला सांगू.

गेले ते १६ नव्हे, ४० युनिट.

रात्री एकच्या सुमारास ते घामाने निथळत होते, काहीतरी असंबद्ध बोलत होते. मशीनवर साखर ४८. गिळता येत होतं म्हणून साखरपाणी पाजलं, शेजाऱ्यांना उठवलं, रिक्षाने दवाखान्यात नेलं. सकाळपर्यंत ग्लुकोजचं सलाईन चालू होतं. डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन किती दिलं होतं?" मी म्हटलं, "१६." तेव्हा ते मला खरंच वाटत होतं. ते म्हणाले, "जेवण कमी झालं असेल." मी मान हलवली.

दोन दिवसांनी नवं पेन आणलं. त्याच्याबरोबरचा कागद वाचत असताना १०० हा आकडा दिसला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेली बाई मी. चूक कुठे झाली ते एका क्षणात कळलं. आणि मी गप्प बसले.

का? लाज वाटली. "मास्तरीणबाई, तुम्हीसुद्धा?" असं डॉक्टर म्हणतील, दीर-जावा म्हणतील, मुलं पुढे माझ्या हातून औषध घेऊ देणार नाहीत. एवढंच कारण. पण त्या गप्प बसण्याचा परिणाम काय झाला बघा. १६ युनिटला साखर इतकी उतरते असं समजून डॉक्टरांनी मात्रा १२ वर आणली. त्यांनी बरोबरच केलं, त्यांना मिळालेली माहिती चुकीची होती. पुढचे दोन महिने ह्यांची साखर चढीच राहिली. पायाची एक जखम काही केल्या भरेना. मी तेव्हाही बोलले नाही. हळूहळू मात्रा परत वाढली, जखम भरली, प्रकरण मिटलं. हे गेले त्याला आता सहा वर्षं झाली. ते हृदयविकाराने गेले, त्या रात्रीशी त्याचा संबंध नाही. पण त्यांनाही मी हे कधी सांगितलं नाही, ते मात्र मनात राहिलंय.

म्हणून बेबीने जेव्हा "कुणापाशी बोलू नकोस म्हणाल्या" असं सांगितलं, तेव्हा मला त्या सिस्टरचा राग आला नाही. त्या जागी मी स्वतःला बघितलं.

तर सांगायचा मुद्दा असा. बेबीबरोबर मी दोन दिवस तिची वह्या-पुस्तकं घेऊन बसले. माझं शिक्षण बी. ए. मराठी, तेही मराठी माध्यमातून. औषधांतलं मला काय कळणार? पण शिकवण्यातलं थोडं कळतं. आणि मला जे दिसलं त्यावरून माझी दोन-तीन मतं झाली आहेत. पटली तर बघा.

पहिलं मत गणिताबद्दल. नर्सिंगच्या मुलींना औषधाचा हिशोब करायला एक सूत्र शिकवतात. हवी ती मात्रा भागिले हाताशी असलेली मात्रा, गुणिले त्यातलं पाणी. बेबीला ते इंग्रजीत घडाघडा येत होतं. मी विचारलं, "हे असं का?" तर गप्प. आता शाळेत गणिताच्या बाई रजेवर गेल्या की पाचवी-सहावीचं गणित माझ्या गळ्यात यायचं. मी म्हटलं, "अगं, हे तर त्रैराशिक!" भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे ते, साडेआठशे वर्षांहून जुनं. ५ पेन्सिलींना इतके रुपये तर ३ पेन्सिलींना किती? बेबी शाळेत हे उत्तम करत असे. पण तेच गणित कॉलेजात इंग्रजी वेषात आलं आणि तिने ओळखलंच नाही.

मग आम्ही उदाहरणं सोडवली. तापाचं पॅरासिटामॉल घ्या, ते तर घराघरांत असतं. १२ किलोचं मूल, किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८० मिलिग्रॅम द्यायचं. एका पातळ औषधात ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असतं, त्याचं ७.५ मिली होतं. दुसऱ्यात ५ मिलीत २५० असतं, त्याचं ३.६ मिली. आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं, त्याचं फक्त १.८ मिली. एकच ताप, एकच मूल, एकच औषध आणि उत्तरं तीन! "दीड चमचा दे गं" असं फोनवर सांगणाऱ्या तमाम आज्यांनी (त्यात मीही आले) इथे थोडं थांबावं. बाटली कुठली ते विचारल्याशिवाय चमचा सांगू नये.

मग सलाईन. ५०० मिली सलाईन ४ तासांत जायला हवं, सेटमधून १ मिलीचे २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब? बेबीने सूत्रात आकडे घातले, उत्तर काढलं १०. मी म्हटलं, "सूत्र बाजूला ठेव. सगळे मिळून थेंब किती?" ५०० गुणिले २०, म्हणजे १०,०००. "मिनिटं किती?" ४ गुणिले ६०, म्हणजे २४०. "मग?" १०,००० भागिले २४०. साधारण ४२. तिला स्वतःलाच हसू आलं. ४ तासांची मिनिटं करताना तिने कुठेतरी घोटाळा केला होता, पण सूत्रात ते दिसत नव्हतं. १० हे उत्तर आल्यावर "इतक्या सावकाश हे ४ तासांत संपेल का?" असा प्रश्नच पडला नव्हता. तो प्रश्न पडायला अर्थ कळावा लागतो, आणि अर्थ आपल्या भाषेत चटकन कळतो.

आता तुम्ही म्हणाल, बाईंचं मराठीचं वेड! या मुलींना उद्या दुबईला जायचंय, लंडनला जायचंय, औषधांची नावं इंग्रजीत, केसपेपर इंग्रजीत. मान्य आहे. औषधांच्या नावांचं मराठीकरण करा असं मी म्हणतच नाही. उलट ती नावं अक्षर न् अक्षर वाचायला शिकवा असं माझं म्हणणं आहे. डोपामाइन आणि डोब्युटामाइन, हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन, ही जोडनावं ऐकायला बहिणी वाटतात आणि कामं वेगळी. इंग्रजीत अशा जोडीत जिथे फरक आहे तेवढीच अक्षरं मोठ्या लिपीत छापायची पद्धत आहे, डोळा तिथे अडखळावा म्हणून. आपल्या देवनागरीत मोठी-छोटी लिपीच नाही, पण हरकत नाही. बेबीने वहीत ती अक्षरं लाल पेनाने लिहिली. "पा" लाल, "ब्युटा" लाल. शुद्धलेखन तपासल्याचा आनंद झाला मला!

थोडक्यात, परीक्षा इंग्रजीत द्या, नावं इंग्रजी ठेवा, पण समजावताना मुलीच्या भाषेत समजावा. बारावी मराठीतून केलेल्या मुलीला पहिल्या दिवसापासून इंग्रजी परिच्छेद पाठ करायला लावायचे आणि मग वॉर्डात म्हणायचं, "एवढंही कळत नाही?" हे बरोबर नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं चित्र आपण हातात दिवा घेतलेलं बघतो. पण ती बाई पक्की गणिती होती. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले, हे तिने आकड्यांच्या आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवलं. आपल्याकडे रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं आणि घरात कोंडलेल्या कितीतरी बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाची वाट मिळाली. त्या काळी लोक या कामाला हलकं समजत. आज कुणी तोंडाने हलकं म्हणत नाही. पण नर्स म्हणजे सांगितलेलं करणारी, तिने विचार करायचं कारण नाही, हा समज अजून गेलेला नाही.

दुसरं मत विचारण्याबद्दल. नर्सिंगच्या पुस्तकात "पाच बरोबर" शिकवतात. रुग्ण बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, मार्ग बरोबर, वेळ बरोबर. छान आहे. पाठ करायला सोपं. पण बेबीच्या प्रसंगात बघा. रुग्ण बरोबर होता. औषध बरोबर होतं. मार्ग बरोबर, वेळही बरोबर. मात्रा कागदावर बरोबरच होती, २० युनिट! सिरिंजवरही २० च दिसत होते. पाचही खुणा करून माणूस दगावला असता. वाचवलं ते एका आजोबांच्या प्रश्नाने, आणि तो प्रश्न झटकून न टाकता परत फिरलेल्या एका विद्यार्थिनीने. म्हणून मी तर म्हणेन, सहावं "बरोबर" घाला: शंका आली की थांबणं बरोबर.

आणि इथे शिक्षक म्हणून मला माझं एक पाप आठवतं. सातवीच्या वर्गात एक मुलगी होती, सारखे प्रश्न विचारायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "कालच सांगितलं ना? कान घरी ठेवून येतेस का?" वर्ग हसला. त्यानंतर वर्षभरात त्या मुलीने एकही प्रश्न विचारला नाही. मला तेव्हा वाटलं, चला, सुधारली. मराठीच्या तासाला न विचारलेल्या प्रश्नाने फार तर दोन गुण जातात. वॉर्डात न विचारलेल्या प्रश्नाने काय जातं ते वर सांगितलंच आहे.

आमच्या ओळखीतल्या एकीला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घटतात, जिवावर बेततं. केसपेपरवर घाईत लिहिलेला एक शब्द नीट लागला नाही आणि रोजच्या गोळ्यांत ही गोळी गेली, असं जगभर झालेलं आहे. तसंच पोटॅशियम क्लोराइड. छोटीशी अँप्युल, पाण्याच्या अँप्युलसारखीच दिसणारी. सलाईनमध्ये मिसळून सावकाश दिलं तर औषध, थेट शिरेत दिलं तर हृदय बंद पडतं. तसंच युनिट या शब्दाचं इंग्रजी आद्याक्षर. घाईत लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात. म्हणून युनिट हा शब्द पूर्ण लिहावा. अर्धा लिहायचा तर ०.५ लिहावा, नुसतं .५ नको, ते ५ वाचलं जातं. आणि ५ लिहायचे तर ५ च लिहावेत, ५.० नको, त्याचे ५० होतात. आम्ही शाळेत "पूर्णविराम विसरलात" म्हणून अर्धा गुण कापत असू. इथे एका टिंबाने दहापट होते!

हे सगळं बेबीच्या पुस्तकात आहे बरं का. पण त्यावर विचारायची सोय वॉर्डात नाही. "मॅडम, हे शंभरचं आहे का?" एवढं वाक्य बोलायला त्या पोरीला जेवढं धैर्य लागलं, तेवढं मला अख्ख्या नोकरीत कधी लागलं नसेल.

तिसरं मत सगळ्यात महत्त्वाचं. त्या रात्री जे होता होता राहिलं, ते कुठेतरी लिहिलं जायला हवं होतं. शिक्षा करण्यासाठी नाही. उद्या दुसऱ्या वॉर्डात दुसरी बेबी तेच करील, तिला कळावं म्हणून. कार्ट्रिज आलं आणि पेन नसेल तर काय करायचं, याची एक ओळ भिंतीवर लागली असती. इन्सुलिन देण्याआधी दुसऱ्या नर्सने स्वतंत्रपणे बघायचं, असा नियम पाळला गेला असता. पण "फेकून दे आणि बोलू नकोस" म्हटल्यावर त्या चुकीतून एकच माणूस शिकला, तोही नर्सिंग सोडायला निघाला.

काही जण म्हणतील, चुका माफ करायला लागलात तर निष्काळजीपणा वाढेल. या शंकेत तथ्य आहे, म्हणून तिचं उत्तर द्यायला हवं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात २०१७ साली रॅडोंडा व्हॉट नावाच्या नर्सच्या हातून अशीच भयंकर चूक झाली. रुग्णाला शांत करण्यासाठी व्हर्सेड हे औषध द्यायचं होतं. औषधाच्या यांत्रिक कपाटात तिने नावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरं टाइप केली. ते औषध यंत्रात मिडाझोलम या मूळ नावाने होतं. तिने यंत्राची अडवणूक बाजूला सारली आणि हातात आलं व्हेक्युरोनियम, स्नायू लुळे करणारं औषध. झाकणावर इशारा होता, तोही नजरेतून सुटला. रुग्ण दगावला. तिने चूक लगेच कबूल केली. तिचा परवाना गेला, खटला झाला, २०२२ च्या मार्चमध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं आणि मे महिन्यात ३ वर्षांच्या परिवीक्षेची शिक्षा झाली.

मी हे वाचलं तेव्हा आधी वाटलं, बरोबरच आहे, माणूस गेला! ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या जागी बसून बघितलं तर याहून वेगळं वाटणारही नाही. तिने एक नाही, बऱ्याच ठिकाणी बघायला हवं होतं ते बघितलं नाही. पण तिथल्या नर्सांच्या संघटनेने जी भीती बोलून दाखवली तीही खरी आहे. कबुलीजबाब देणारीला कोर्टात उभं राहावं लागतं असं दिसलं, तर उद्या कबूल कोण करणार? निष्काळजीपणाला शिक्षा हवीच. जो मुद्दाम नियम मोडतो, लपवतो, कागद बदलतो, त्याला कडक हवी. पण जिने चूक होण्याआधी ओळखली, स्वतः येऊन सांगितली, तिला शाबासकी द्यायला हवी. या दोन्हींना आपण एकाच काठीने हाकतो आणि मग दोन्हीकडून गप्पपणा मिळतो. माझंच बघा ना. मला तर कुणी तुरुंगात घालणार नव्हतं, नुसती लाज होती. तरी मी बोलले नाही, आणि ह्यांची जखम दोन महिने चिघळली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये "औषधं, पण इजेविना" अशा अर्थाची मोहीम सुरू केली. औषधांच्या चुकांपायी जगाचं वर्षाला ४२ अब्ज डॉलरचं नुकसान होतं असा त्यांचा अंदाज आहे, आणि गंभीर पण टाळता येणारी इजा ५ वर्षांत निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट त्यांनी ठेवलं होतं. १७ सप्टेंबर हा रुग्ण सुरक्षा दिन असतो, २०२२ साली त्याचा विषयच औषधांची सुरक्षितता हा होता. चांगलंच आहे. पण बेबीच्या वॉर्डात त्या संध्याकाळी तीसहून जास्त रुग्णांना एक स्टाफ सिस्टर होती. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ आणि साध्या रुग्णालयात ५ मागे १ नर्स असा आहे. ती सिस्टर खेकसली यात तिच्या स्वभावाचा भाग किती आणि पाय मोडेपर्यंतच्या धावपळीचा किती, ते देव जाणे. पन्नासऐवजी नव्वद मुलं वर्गात कोंबली की माझाही आवाज चढायचाच. तेव्हा फक्त नर्सेसना उपदेश करून भागणार नाही. माणसं वाढवायला हवीत, आणि औषधं भरत असलेल्या नर्सला निदान तेवढी दहा मिनिटं कुणी हाक मारू नये. इंग्लंडातल्या काही रुग्णालयांत औषधं देताना नर्सच्या अंगावर "मध्ये बोलू नका" असं लिहिलेलं लाल जाकीट असतं. आपल्याकडे जाकीट नको, पण "सिस्टर, आमचं सलाईन संपलं, चहा कुठे मिळतो" हे एका दमात विचारणं तरी आपण थांबवू या.

आणि आपण रुग्णांनी, नातेवाइकांनी त्या आजोबांसारखं विचारावं. रागाने नाही, अविश्वासाने नाही. "सिस्टर, हे कशाचं इंजेक्शन आहे?" इतकं साधं. घरून औषध नेलं तर पेन, सुया, जुना केसपेपर, सगळं एका पिशवीत न्यावं. घरात दोन प्रकारच्या सिरिंज असतील तर ज्यांचं काम संपलंय त्या आजच्या आज बाहेर काढाव्यात. माझ्या कपाटात त्या राहिल्या होत्या म्हणून पुढचं सगळं झालं. आणि पेनाच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन कधीही ओढू नये. अगदी रविवार असला, मेडिकल बंद असलं, तरी. डॉक्टरांना फोन करावा.

बेबीचं काय झालं, हे राहिलंच. सोमवारी रात्री तिने मला विचारलं, "आजी, तू डॉक्टरांना सांगितलं असतंस तर ते ओरडले असते?" मी खूप विचार केला. ते डॉक्टर शांत गृहस्थ होते. बहुधा म्हणाले असते, बरं झालं सांगितलंत, मग मात्रा बदलायला नको. दोन मिनिटांचं काम होतं.

मंगळवारी ती कॉलेजला परत गेली. जाताना तिने ट्यूटर मॅडमना द्यायला एक कागद लिहिला. झालेला प्रसंग, कुणाचंही नाव न घालता, आणि खाली एक सूचना: लाल आणि नारिंगी टोपीच्या सिरिंज एका ट्रेमध्ये ठेवू नयेत, आणि कार्ट्रिजबरोबर पेन नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन देऊ नये. मी फक्त दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. तो कागद तिने दिला की नाही, दिला तर मॅडम काय म्हणाल्या, अजून कळलेलं नाही. फोन आला नाही. नर्सिंग सोडते की नाही, तेही तिने नीट सांगितलं नाही. पण पिशवीत वही घेऊन गेलीय, लाल अक्षरांची, त्यावरून मी आशा धरून आहे.

आणि तिला "लिहून दे" म्हणून सांगितल्यावर आपण गप्प राहणं मला शोभेना, म्हणून हा माझा कागद. मुलांनो, रागवायचं असेल तर फोन करा. जेवणं आटोपली की मी मोकळीच असते.